आयुक्त महोदय, रिकाम्या हाताने सोडलेल्यांचीही नोंद ठेवा

प्रति,
मा. पोलीस आयुक्त,
ठाणे शहर

महोदय,

घोडबंदर रोडवरून पोलीस आयुक्तांना पत्र आले म्हणजे ते वाहतूक कोंडीबद्दलच असणार, असे आपल्या कार्यालयाला वाटले तर नवल नाही. कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत त्या विषयाला तोटा नाही. हे पत्र मात्र दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या निरनिराळ्या लोकांविषयी आपल्या शिपायाच्या, हवालदाराच्या आणि फौजदाराच्या मनात एक मत तयार होते. कोण सरळ, कोण बेरकी, कुणाला ‘या, बसा’ म्हणायचे आणि कुणाची कॉलर धरायची, हे त्या मतावर ठरते. ते मत येते कुठून? माझे उत्तर असे की ते मुख्यतः ड्युटीतून येते. पोलीस ज्याला अनुभव म्हणतो तो त्याच्या कामाच्या रचनेमुळेच एका बाजूला कललेला असतो, मग माणूस कितीही भला असो. तसे असेल तर हा कल भाषणांनी आणि कार्यशाळांनी जायचा नाही. ड्युटीचा तक्ता आणि ठाण्यातली नोंदवही बदलली तरच जाईल. ही दोन्ही कामे आपल्या अधिकारातली आहेत, म्हणून पत्र मंत्रालयाला न पाठवता आपल्याला पाठवत आहे.

आधी इथली वस्ती पाहू. कासारवडवली, ओवळा, भाईंदरपाडा, वाघबीळ, कावेसर ही जुनी गावे. त्यांच्या शेतांवर आणि खाजणांवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभे राहिलेले टॉवर. डोंगराच्या बाजूला, येऊरच्या जंगलाला लागून, आदिवासींचे पाडे. आणि चालू बांधकामांच्या आडोशाला पत्र्याच्या खोल्यांचे लेबर कॅम्प, ज्यांत बंगाल, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातले गवंडी आणि सेंट्रिंगवाले राहतात. ही सगळी माणसे एकाच रस्त्यावरची, पण पोलिसांना भेटतात वेगवेगळ्या दारांनी. टॉवरमधला गृहस्थ ठाण्यात येतो तो पासपोर्टच्या पडताळणीसाठी, भाडेकरूची माहिती द्यायला, नाहीतर खात्यातून पैसे गेले म्हणून. तो अर्जदार असतो. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरची खुर्ची त्याला मिळते. त्याच्या घरी धुणीभांडी करणारी बाई ठाण्याची पायरी चढते ती बहुधा त्या घरातली बांगडी सापडेनाशी झाली म्हणून, आणि ती उभी असते. वॉचमनला बोलावतात ते पार्किंगमधली बाइक गेली म्हणून. कॅम्पातला मजूर पोलिसाला भेटतो तो रात्री, कोंबिंगच्या वेळी, झोपेतून उठून, आधार कार्ड पुढे करत. पाड्यावरचा वारली भेटतो छाप्यात. येऊरच्या बंगल्यांतला आणि टर्फवरचा रात्रीचा गोंगाट त्याच्याही पाड्याची झोप उडवतो, तेव्हा खरे तर तो तक्रारदार असतो. पण त्या नात्याने तो ठाण्याच्या ओळखीचा नसतो.

आता इथे नव्याने आलेला शिपाई घ्या. बीडहून किंवा जळगावहून भरती झालेल्या मुलाने मुर्शिदाबादच्या गवंड्याविषयी आधीपासून मत बनवून येण्याचे काही कारण नाही. पाच वर्षांत त्याला असे शेकडो गवंडी भेटतात, पण जवळपास प्रत्येक जण संशयाच्या प्रसंगी. काम आटोपून पोरीशी व्हिडिओ कॉलवर बोलणारा, ठेकेदाराने दोन महिन्यांची मजुरी बुडवलेला, परातीत भात कालवून चौघांत वाटून खाणारा गवंडी त्याच्या ड्युटीत येतच नाही. उलट टॉवरमधले जे भेटतात ते नाडलेले, सभ्य, इंग्रजीत अर्ज लिहून आणणारे. टॉवरमध्ये गुन्हे होत नाहीत असे थोडेच आहे? बंद दाराआड बायकोला मारहाण होते, ताबा न देता फ्लॅटचे पैसे गिळले जातात, पार्टीहून परतताना दारू पिऊन गाडी ठोकली जाते. पण ते गुन्हे चेहरा घेऊन येत नाहीत. वकील घेऊन येतात आणि फाइल होऊन आर्थिक गुन्हे शाखेकडे किंवा कोर्टाकडे निघून जातात. शिपायाला कुणीही खोटे सांगितलेले नसते. त्याने जे पाहिले ते खरेच पाहिले. फक्त त्याला काय दिसणार, हे त्याच्या तक्त्याने आधीच ठरवलेले असते.

ही गोष्ट ठाणे शहरापुरती नाही. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ जेरोम स्कोल्निक यांनी १९६६ मध्ये पोलिसांवर लिहिलेल्या पुस्तकात दाखवले की धोका आणि अधिकार या कामाच्या दोन अंगांतून पोलिसाचा एक खास स्वभाव तयार होतो. कपडे, चाल, बोली यांवरून संभाव्य हल्लेखोर ओळखायची त्याला सवय लागते, आणि त्या साच्यात बसणारा प्रत्येक जण मग हल्लेखोर दिसू लागतो. पुढच्याच वर्षी आर्थर निडरहॉफर यांनी पोलिसांच्या मनातल्या कडवटपणावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे जास्त वजनदार, कारण त्यांनी स्वतः न्यूयॉर्कच्या पोलीस दलात वीस वर्षांहून अधिक नोकरी केली होती. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत हा कडवटपणा भराभर वाढतो, असे त्यांना आढळले. म्हणजे माणूस कडवट म्हणून पोलिसात येत नाही, पोलिसात येऊन कडवट होतो. आपल्याकडे हे समजायला पुस्तकाची गरज नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये कासारवडवलीत एका माणसाने आपल्याच कुटुंबातल्या चौदा जणांना मारून गळफास घेतला. आपण सर्वांनी ती बातमी वाचली आणि पान उलटले. ते घर आतून पाहणे, एकेका देहाचा पंचनामा करणे ज्यांच्या वाट्याला आले, त्यांनी माणसांविषयी काही मत बनवले असेल तर त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

दोष द्यायचा नाही. हिशेब मात्र तपासायचा आहे. नाकाबंदी घेऊ. समजा, एका रात्री गायमुखपाशी चाळीस दुचाकी थांबवल्या आणि त्यांतली एक चोरीची निघाली. त्या एका दुचाकीची स्टेशन डायरीत नोंद होते, मुद्देमाल जमा होतो, साहेब पाठ थोपटतात, आणि ‘बघितल्याबरोबर ओळखला’ ही कथा पुढची दहा वर्षे चहाच्या टपरीवर सांगितली जाते. उरलेल्या एकोणचाळीस जणांची नोंद कुठे? कुठेच नाही. त्यांनाही ‘बघितल्याबरोबर’ ओळखले होते आणि ती ओळख चुकली होती, हे कुणी मोजले नाही. थांबवणाऱ्यालाही ते आठवणार नाही. अशा रितीने प्रत्येक बरोबर अंदाज अनुभवात जमा होतो आणि चुकलेला अंदाज हवेत विरतो. वीस वर्षे असे चालले की माणसाला स्वतःची नजर अचूक वाटू लागते, आणि ती प्रामाणिकपणे वाटते. इकडे त्या एकोणचाळिसांच्या आठवणीत मात्र ती रात्र पक्की राहते: डिलिव्हरीचा उशीर, दंडाची भीती, सगळ्यांदेखत ऐकलेली शिवी. पुढच्या वेळी पोलीस दिसला की त्यांतला एखादा आधीच्या गल्लीत गाडी वळवतो. वळवली की संशय, संशय आला की पाठलाग. भीतीने केलेली हालचाल गुन्ह्याची खूण म्हणून वाचली जाते आणि अनुभवाला आणखी एक पुरावा मिळतो.

याचा मोठ्या प्रमाणावरचा नमुना दूर नाही. १६ जानेवारी २०२५ रोजी अभिनेता सैफ अली खान यांच्यावर त्यांच्या घरात हल्ला झाला आणि तीन दिवसांनी मुंबई पोलिसांनी संशयिताला पकडले ते आपल्या घोडबंदर रोडवरच्या लेबर कॅम्पच्या परिसरातून. तो बांगलादेशी असल्याचे पोलिसांनी सांगितले. तेव्हापासून या रस्त्यावर कॅम्प म्हटले की लोकांना ती अटक आठवते. त्याच तपासात छत्तीसगडमध्ये दुर्ग स्थानकावर एका माणसाला, फोटोशी चेहरा मिळतो म्हणून, रेल्वेतून उतरवून ताब्यात घेतले होते आणि त्याचा काहीही संबंध नव्हता, हे कितींना आठवते? त्या प्रकारात आपली नोकरी गेली आणि ठरत आलेले लग्न मोडले, असे त्याने नंतर सांगितले. पुढे जून २०२५ मध्ये, या रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, मीरा रोड भागात काम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला बांगलादेशी समजून पकडले गेले आणि सीमेपलीकडे ढकलले गेले. तो भारतीय असल्याचे पश्चिम बंगालमधून सांगण्यात आल्यावर त्याला परत आणावे लागले. मीरा रोड आपल्या आयुक्तालयात नाही, हे मला ठाऊक आहे. २०२० पासून तिकडे मीरा-भाईंदर, वसई-विरारचे वेगळे आयुक्तालय आहे. पण गायमुखच्या हद्दीशी नजर बदलत नाही. स्वतःच्याच देशातून हाकलला गेलेला तो गवंडी कोणत्या ठाण्याच्या कोणत्या नोंदवहीत ‘आमचा अंदाज चुकला’ या सदराखाली आहे? तसे सदरच नाही.

ही नजर किती पसरलेली आहे, याचा अंदाज ‘कॉमन कॉज’ ही संस्था आणि सीएसडीएसचा लोकनीती कार्यक्रम यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातून येतो. एकवीस राज्यांतल्या सुमारे बारा हजार पोलिसांशी बोलून तो केलेला आहे. मुस्लिम समाजाचा कल मुळातच गुन्हेगारीकडे असतो, हे म्हणणे कमी-अधिक प्रमाणात मान्य करणारे पोलीस जवळपास निम्मे निघाले. किरकोळ गुन्ह्यात खटल्यापेक्षा पोलिसांनीच छोटी शिक्षा देऊन मोकळे व्हावे, असे ३७ टक्क्यांना वाटत होते. याच अहवालातले दोन आकडे मी मुद्दाम शेजारी ठेवतो: पोलिसाचा कामाचा दिवस सरासरी चौदा तासांचा असतो, आणि वजनदार माणसाच्या प्रकरणात तपासावर राजकीय दबाव येतो असे ७२ टक्के पोलीस सांगतात. जो चौदा तास उभा आहे, वरच्यापुढे ज्याचे काही चालत नाही, त्याचा अधिकार खालच्यावरच चालणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिल लाइन ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, सत्ताधारी पक्षाच्या आमदाराने गोळ्या झाडल्याचे सीसीटीव्हीत टिपले गेले. ज्या खात्याच्या दालनात हे घडते त्या खात्यातला शिपाई कायदा सर्वांना सारखा असतो, हे कुणाकडून शिकणार?

पहिला आक्षेप इथेच येईल: पोलीस समाजातूनच येतात, समाजाचे पूर्वग्रह घेऊनच येतात, त्यात ड्युटीचा काय दोष? यात तथ्य आहे, आणि टॉवरवाल्यांनी ते आपल्या अंगाला लावून घ्यावे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘संशयास्पद इसम’ म्हणून कुणाचे फोटो फिरतात, हे आपण सगळे जाणतो. पण नुसता पूर्वग्रह चहाच्या टपरीवर विरून जाऊ शकतो. ड्युटी त्याला रोज नवा पुरावा पुरवते आणि वर अधिकार देते. शिवाय खात्यात तो वारशाने पुढे जातो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाप्रमाणे उपनिरीक्षक ते निरीक्षक यांचा एका ठाण्यातला सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा, शिपाई-हवालदारांचा एका जागी पाच वर्षांचा. बदल्या हव्यातच, एकाच जागी मुरलेल्या अधिकाऱ्याचे काय होते ते लोकांनी पाहिले आहे. पण परिणाम असा की नव्या अधिकाऱ्याला हद्दीची ओळख होते ती गुन्ह्यांच्या नोंदींतून आणि जुन्या हवालदाराच्या तोंडून. ‘त्या पाड्यावर एकटे जाऊ नका साहेब’, ‘तो कॅम्प म्हणजे सगळा बनेल माल’. स्वतः चार माणसे ओळखण्याआधीच मत तयार मिळते, आणि ओळख व्हायच्या सुमारास बदलीचा आदेश येतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. लोक तरी कसे वागतात? खड्डा रस्त्याचा, रस्ता कधी सार्वजनिक बांधकाम खात्याचा, कधी एमएमआरडीएचा, कधी महापालिकेचा; शिव्या मात्र पाटलीपाड्याच्या सिग्नलवर पावसात शिटी फुंकणाऱ्या वाहतूक पोलिसाला. बदलापूरचे उदाहरण तर आपल्याच आयुक्तालयातले. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार नोंदवायला झालेल्या विलंबामुळे लोक रेल्वे रुळांवर उतरले, दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले, काही अधिकारी निलंबित झाले. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि ठिकठिकाणी पेढे वाटले गेले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूबद्दल पाच पोलिसांना जबाबदार धरले आणि एप्रिल २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील. मला दिसते ते एवढेच: जेमतेम महिन्याभराच्या अंतराने त्याच लोकांनी पोलिसाला एकदा दगड मारला आणि एकदा पेढा भरवला. दगड मिळाला तो कायद्याने करायचे साधे काम, म्हणजे फिर्याद लिहून घेणे, वेळेवर न झाल्याबद्दल, आणि पेढा मिळाला तो कायद्याला वळसा घातला गेला असे लोकांनीच गृहीत धरून. पोलिसाने यातून कोणता धडा घ्यावा? मी लोकांची वकिली करत नाही. पण लोक चंचल आहेत म्हणून खात्यानेही चंचल राहावे, हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही. गणवेश, पगार आणि हत्यार एकाच बाजूला आहे.

हे बदलता येते का, याचा पुरावा आपल्याच आयुक्तालयात आहे, आणि तो परदेशी पुस्तकांपेक्षा मोलाचा आहे. भिवंडीत मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भीषण दंगल झाली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली आणि पोलिसांच्या पक्षपातावर, विशेषतः दंगलीनंतरच्या तपासातल्या पक्षपातावर, कडक शब्दांत बोट ठेवले. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. त्यानंतर, १९८८ च्या सुमारास, पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. शांतता समित्या त्याआधीही होत्या, आजही आहेत. सणाच्या आधी पुढाऱ्यांना, मंडळांच्या अध्यक्षांना आणि मौलवींना चहा पाजायचा, सगळ्यांनी ‘आपले शहर शांत आहे’ म्हणायचे आणि फोटो काढायचा, असे त्यांचे स्वरूप असते. खोपड्यांची कमिटी वेगळी होती. ती मोहल्ल्याची होती, त्यात हिंदू-मुसलमान दोन्ही होते, आणि तिची जबाबदारी ठाण्यातल्या साध्या पोलिसांवर वाटून दिलेली होती. बैठका सणापुरत्या नव्हत्या. गटार, पाणी, शेजाऱ्यांची भांडणे असले विषय त्यांत चालत. हवालदाराला यंत्रमागावरचा कामगार आधी नावाने कळला, संशयित म्हणून कळायची वेळ आलीच तर नंतर. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती आणि दंगलींसाठी बदनाम असलेली भिवंडी शांत राहिली. मुंबईतल्या पोलिसांबद्दल श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये काय लिहिले, ते आपल्याला सांगायला नको. मुसलमानांविषयीचा अंगात भिनलेला आकस त्याने नोंदवला. दोन्हीकडचे पोलीस एकाच राज्याचे, एकाच मुशीतले. फरक कोणत्या कामासाठी कुणाला भेटायचे, एवढाच होता.

यावर कुणीही जुना अधिकारी ५ जुलै २००६ ची तारीख पुढे करील, आणि करायलाच हवी. त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या नियोजित बांधकामाच्या जागेवरून वाद पेटला. पोलीस गोळीबारात दोन जण मेले आणि नंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारून जाळले. इतक्या कमिट्या होऊनही असे घडते, तर संबंधांची भाषा कशाला, असे म्हणता येईल. मी त्यातून उलटा निष्कर्ष काढतो. भिवंडीची शांतता ही एका उपायुक्ताच्या हिमतीवर उभी होती, खात्याच्या नियमात उतरली नव्हती. उपायुक्त बदलतो, जिद्द बदलते. दंगल न झाल्याबद्दल गोपनीय अहवालात गुण मिळत नाहीत. जे घडले नाही त्याचे श्रेय कुणाला द्यायचे, हा प्रश्न कोणत्याही खात्याला अवघडच वाटतो. त्या दोन शिपायांचे मरण विसरू नये असे मलाही वाटते. पण ते आठवून खात्याने भिवंडीकरांविषयी एक मत पक्के करून टाकले, तर ती आठवण पुढच्या शिपायाचा जीव वाचवायला उपयोगी पडणार नाही. गल्लीत शिरण्याआधी गल्लीतून फोन येण्याइतकी ओळख असेल, तर ती पडेल.

मनुष्यबळ नाही, वेळ नाही, हे उत्तर मला अपेक्षित आहे. ते खोटे नाही. गणपती, नवरात्र, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे, मोर्चे. बंदोबस्तातून शिपाई सुटतो कधी? म्हणून तासांचा प्रश्न या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्याच्या एका शिपायाने आठ तासांच्या पाळीचा तक्ता स्वतः बसवून आयुक्त दत्ता पडसलगीकरांपुढे ठेवला, त्यांनी तो तिथे राबवला आणि मग इतर ठाण्यांत नेला. आहे त्याच मनुष्यबळात काय होऊ शकते, हे वरून आलेल्या परिपत्रकाने नव्हे तर खालच्या माणसाने मांडले. पुढे ती घडी सगळीकडे टिकली नाही. थकलेला माणूस पटकन साच्याचा आधार घेतो. समोरच्याचे ऐकून घ्यायला वेळ आणि धीर लागतो, कपड्यांवरून ओळखायला काहीच लागत नाही. आणि वेळ नाही म्हणणाऱ्यांना मला एवढेच विचारायचे आहे की रात्री अडीच वाजता दोनशे मजुरांना उठवून रांगेत उभे करायला जे मनुष्यबळ मिळते, त्यातले चार जण संध्याकाळी सात वाजता का मिळू नयेत?

माझी मागणी मोठी नाही. कासारवडवली ठाण्यापासून सुरुवात करा. टॉवर, गावठाण आणि कॅम्प एका हद्दीत तिथे सापडतात. बीटवरच्या प्रत्येक पोलिसाला आठवड्यातले ठरावीक तास असे द्या की ज्या वेळी तो कॅम्पात किंवा पाड्यावर जाईल, पण हातात तक्रार नसेल, कागदपत्रे तपासायची नसतील, कारवाईचे टार्गेट नसेल. त्या वेळेत त्याने मजुरी बुडवल्याची, ठेकेदाराने मारल्याची, रात्री कुणी बाईची छेड काढल्याची तक्रार ऐकावी आणि जागेवर लिहून घ्यावी. म्हणजे ज्याला त्याने आजवर फक्त संशयित म्हणून पाहिले तो त्याला फिर्यादी म्हणून भेटेल. शांतता समितीत बिल्डर आणि माजी नगरसेवक यांच्या जोडीला दोन वॉचमन, दोन घरकाम करणाऱ्या बायका आणि कॅम्पातले दोन मजूर बसवा, आणि बैठक त्यांच्या सुट्टीच्या वेळेला ठेवा. ही सगळी कामे ड्युटी म्हणून तक्त्यात लागू देत. ‘पोलीस मित्र’ किंवा ‘सप्ताह’ असल्या नावांखाली ती गेली की बॅनरपुरती उरतात.

आणि नोंदवही. नाकाबंदी, कोंबिंग, संशयावरून चौकशी, यांपैकी काहीही झाले की किती जणांना थांबवले आणि किती जणांकडे काही सापडले नाही, हे दोन आकडे लिहायची सक्ती करा. नावे नकोत, पत्ते नकोत, जात-धर्म तर मुळीच नको. तसली यादी उद्या भलत्याच कामाला वापरली जाईल. फक्त वेळ, जागा, किती थांबवले, किती रिकाम्या हाताने सोडले. यावर म्हणतील की यामुळे पोलिसांचे हात बांधले जातील आणि खरा चोर निसटेल. आकडा लिहिल्याने थांबवण्याचा अधिकार एका कणानेही कमी होत नाही. उलट सहा महिन्यांनी अधिकाऱ्याला कळेल की कोणत्या नाक्यावरची नाकाबंदी खरोखर फळते आणि कोणती निव्वळ सवयीने लागते. आज हे सांगायला त्याच्याकडे जुन्या हवालदाराच्या गोष्टींपलीकडे काही नाही. एखाद्या ठाण्याची नजर खरोखरच अचूक असेल, तर तेही आकड्यांतून सिद्ध होईल आणि माझ्यासारख्यांची तोंडे बंद होतील. शिपायालाही त्याचा उपयोग आहे. महिनाअखेरीस आपण साठ जणांना थांबवले आणि सत्तावन्न साधी कामकरी माणसे होती हे स्वतःच्या अक्षरात वाचले, तर पुढच्या वेळी त्याचा हात कॉलरपर्यंत जायला थोडा वेळ लागेल.

कागदोपत्री काम वाढेल, ही तक्रार मला मान्य नाही. दोन आकडे लिहायला पेन हातात घेण्याइतकाच वेळ लागतो, आणि ई-चलानच्या यंत्रावर आपले पोलीस याहून कितीतरी जास्त माहिती रोज भरतात. अडचण वेळेची नाही; चुकलेला अंदाज लेखी मान्य करण्याची या खात्याला सवय नाही, ती खरी अडचण. म्हणून पहिल्या वर्षी या आकड्यांवरून कुणालाही जाब विचारू नये, असेही आपल्या आदेशात स्पष्ट लिहा. नाहीतर आकडे बसवले जातील. गणेशोत्सवाचा बंदोबस्त संपल्यावर सुरुवात केली तरी चालेल. पहिल्या तिमाहीचे आकडे ठाण्याच्या दर्शनी फलकावर मराठी आणि हिंदीत लावावेत. बंगाली जाणणारा एखादा माणूस मिळाला तर बंगालीतही.

आपला,
घोडबंदर रोडवरील एक रहिवासी